विश्लेषण : मटणासोबत रेड, चिकनसोबत व्हाइट... वाइनचा हा नियम आपल्या ताटात का चुकतो?

आषाढ संपत आला, की मटणाच्या दुकानांसमोर रांगा लागतात. श्रावणाआधीच्या या पार्ट्यांत अलीकडे व्हिस्की आणि बिअरच्या शेजारी वाइनची बाटलीही दिसू लागली आहे. मटण आहे म्हणून रेड वाइन आणली जाते. तांबड्या रश्शासोबत पहिला घोट घेतला जातो आणि तोंड शांत होण्याऐवजी आणखी पेटते. बाटली बाजूला पडते आणि ‘आपल्याला काही वाइन झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

यात दोष जिभेचा नसतो आणि बहुतेक वेळा वाइनचाही नसतो. चुकतो तो नियम. ‘रेड मीटसोबत रेड वाइन, व्हाइट मीटसोबत व्हाइट वाइन’ हे सूत्र ज्या ताटासाठी तयार झाले, ते ताट आपले नाही. आपल्याकडे वाइनची गाठ मांसाशी पडण्याआधी मसाल्याशी पडते. त्यामुळे वाइन निवडताना मांसाचा रंग पाहण्यापेक्षा रस्सा पाहणे जास्त उपयोगाचे ठरते. हे कसे घडते, त्यामागचे रसायनशास्त्र काय आणि नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाशी त्याचा संबंध कसा, ते समजून घेऊया.

हा नियम आला कुठून?

युरोपात वाइन आणि जेवण एकाच मातीत वाढले. फ्रान्समधील बोर्दो भागात रेड वाइन तयार होते आणि तिथेच कोकराचे मांस भाजून खाल्ले जाते. इटलीतील टस्कनीत कियांती ही रेड वाइन आणि निखाऱ्यावर भाजलेला बीफचा जाड तुकडा ही ठरलेली जोडी आहे. समुद्रकाठच्या भागात मासे आणि शिंपल्यांसोबत आंबटसर व्हाइट वाइन घेतली जाते. पिढ्यान् पिढ्यांच्या या सवयींमधून ‘लालसोबत लाल, पांढऱ्यासोबत पांढरी’ असे सोपे सूत्र तयार झाले.

मात्र युरोपातही हा नियम सरसकट पाळला जात नाही. फ्रान्सचा ‘कोक ओ व्हँ’ हा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे रेड वाइनमध्ये शिजवलेले कोंबडीचे मांस. फ्रान्सच्याच अल्सास भागात डुकराचे मांस आणि आंबवलेला कोबी यांच्यासोबत रिझलिंग ही व्हाइट वाइन पितात. म्हणजे तिथल्या लोकांनीही रंगापेक्षा पदार्थ कसा शिजवला आहे, याकडे लक्ष दिले. आपल्यापर्यंत पोहोचताना मात्र तपशील गळाले आणि फक्त रंग उरला.

मांस आणि रेड वाइन एकत्र आल्यावर तोंडात काय घडते?

रेड वाइन काळ्या द्राक्षांच्या सालींसह आंबवली जाते. सालींमधून आणि बियांमधून ‘टॅनिन’ नावाची संयुगे वाइनमध्ये उतरतात. कडक उकळलेला कोरा चहा किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर तोंडाला जी मिठी बसते, ती याच प्रकारच्या संयुगांमुळे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते. लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि जीभ, हिरड्या कोरड्या, खरखरीत वाटू लागतात. यालाच आपण तुरटपणा म्हणतो.

आता तोंडात चरबी असलेला, मीठ लावलेला मांसाचा तुकडा असेल तर चित्र बदलते. टॅनिनला चिकटण्यासाठी लाळेव्यतिरिक्त मांसातील प्रथिने आणि चरबी मिळते. टॅनिन चरबीच्या सूक्ष्म थेंबांनाही चिकटते, हे फ्रान्समधील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. मिठामुळे कडवटपणा कमी जाणवतो. परिणामी तीच वाइन मऊ लागते. दुसऱ्या बाजूने वाइनचा तुरटपणा आणि आंबटपणा तोंडातील चरबीचा थर कापतो आणि पुढचा घास ताजा वाटतो. मटणासोबत कांदा आणि लिंबू घेतल्यावर जे होते, साधारण तेच.

म्हणजे रेड वाइनची जोडी ‘लाल रंगाच्या मांसाशी’ जुळत नाही, ती चरबी, प्रथिने आणि मीठ यांच्याशी जुळते. सूत्राचा खरा अर्थ एवढाच आहे.

मग आपल्या मटणाचे गणित वेगळे का?

पहिले कारण म्हणजे प्राणीच वेगळा आहे. युरोपातील सूत्र बीफ आणि कोकराच्या मांसावर बेतलेले आहे. महाराष्ट्रात मटण म्हणजे बहुतांशी बोकडाचे मांस. त्यात चरबी तुलनेने बरीच कमी असते. टॅनिनने भरलेल्या जड रेड वाइनला मऊ करण्याइतकी चरबी त्या तुकड्यात अनेकदा नसतेच. रश्शावर तेलाचा तवंग असतो हे खरे, पण त्याच तवंगात लाल तिखटही विरघळलेले असते.

दुसरे कारण शिजवण्याच्या पद्धतीत आहे. युरोपातला भाजलेला तुकडा मीठ आणि मिरीवर भागतो. आपल्याकडे भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, तीळ, धणे, लवंग, दगडफूल, आले-लसूण आणि वर कांदा-लसूण मसाला किंवा काळा मसाला, इतके सगळे एका पातेल्यात उतरते. जिभेवर पहिली हजेरी मसाल्याची लागते, मांसाची चव नंतर येते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे तिखट.

तिखटासोबत वाइन घेतली की आग का वाढते?

मिरचीचा तिखटपणा ही शास्त्रीय अर्थाने चव नाही, तो उष्णतेचा भास आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हे संयुग जिभेवरील ‘टीआरपीव्ही-१’ या ग्राहक प्रथिनाला चिकटते. या प्रथिनाचे खरे काम भाजणारी उष्णता ओळखण्याचे. एरवी ते साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास मेंदूला ‘भाजतेय’ असा संदेश पाठवते. कॅप्सायसिन हाच गजर उष्णता नसताना वाजवते.

अल्कोहोलही याच गजराला हात घालते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, अल्कोहोलमुळे या प्रथिनाची सक्रिय होण्याची पातळी ४२ वरून सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येते. आपल्या शरीराचे तापमानच ३७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे अल्कोहोल तोंडात असताना शरीराची नेहमीची ऊबही जळजळीत वाटू शकते. त्यात तांबडा रस्सा असेल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी काम करतात.

कॅप्सायसिन अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे वाइनने तिखट धुऊन निघेल, असा एक समज आहे. विरघळते हे खरे आहे. पण वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के असते आणि उरलेला मोठा भाग पाणीच असतो. विरघळण्याचा फायदा किरकोळ आणि जळजळ वाढण्याचा तोटा मोठा. त्यात टॅनिनमुळे लाळ कमी बुळबुळीत झालेली असते, म्हणून आधीच पोळलेली जीभ आणखी खरखरीत होते. जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिन असलेली रेड वाइन झणझणीत रश्शासोबत का बिघडते, त्याचे उत्तर हे आहे.

आपल्या स्वयंपाकघराने तिखटावरचा उतारा केव्हाच शोधला आहे. ताकातील आणि दह्यातील केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला पकडते. सोलकढीतील नारळाच्या दुधाची चरबी तेच काम करते. वाइनमध्ये प्रथिने नाहीत आणि चरबीही नाही. तिच्याकडे तिखट सौम्य करण्याची दोनच साधने आहेत. थोडा गोडवा आणि थंडपणा.

आंबट, गोड आणि भाजलेल्या चवींचे काय?

आंबट : रश्शात चिंच, कोकम, टोमॅटो, दही किंवा व्हिनेगर असेल तर त्याच्यापुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते. म्हणून वाइनचा आंबटपणा निदान पदार्थाइतका असावा.

गोड : पदार्थात गूळ, साखर किंवा जर्दाळू असेल तर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन अधिक आंबट आणि कडवट वाटते. तिथे किंचित गोडसर वाइन हवी.

खारट : मीठ वाइनला मदत करते. तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही सौम्य वाटतात.

भाजलेले : निखारा, तवा किंवा खरपूस भाजलेले खोबरे यांच्या धुरकट चवीसोबत रेड वाइन चांगली जमते. इथे एक गंमत आहे. शिराझ या द्राक्षाच्या काही वाइनना काळ्या मिरीसारखा वास येतो. तो केवळ भास नसतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की त्यामागे ‘रोटंडोन’ नावाचे संयुग आहे आणि काळ्या मिरीचा वासही त्याच संयुगामुळे येतो.

कोणत्या पदार्थासोबत कोणती वाइन?

आता हे सगळे ताटात मांडून पाहू. खालील जोड्यांमधील द्राक्षांच्या वाइन महाराष्ट्रात तयार होतात. पदार्थ घरोघरी बदलतो, त्यामुळे याकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून पाहावे.

पांढरा रस्सा : मटण असूनही इथे व्हाइट वाइन हवी. नारळाचे दूध, काजू, तीळ, खसखस यांमुळे रस्सा स्निग्ध असतो आणि त्यात लाल तिखट नसते. व्हिओनिए किंवा कोरडी शेनिन ब्लां चांगली लागते. रंगाचा नियम इथे सरळ उलटा होतो.

तांबडा रस्सा : कॅबर्ने सॉव्हिन्यॉसारखी जड रेड टाळावी. किंचित गोडसर शेनिन ब्लां किंवा रोझे, चांगली थंड करून. नाशिक भागातील अनेक शेनिन ब्लां मुळातच थोड्या गोडसर असतात. अशा वेळी तो गोडवा कामी येतो.

सुक्के मटण : रस्सा कमी, खोबरे आणि मसाला खरपूस भाजलेला. तिखट मध्यम असेल तर फळांची चव पुढे असलेली शिराझ जमते. लाकडी पिंपात दीर्घ काळ मुरवलेली, जास्त तुरट बाटली नको.

खान्देशी काळ्या मसाल्याचे मटण : भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची धुरकट चव शिराझसोबत जुळते. मात्र हात सैल सोडून तिखट घातले असेल तर रोझेकडे वळलेले बरे.

कोंबडी-वडे : मालवणी मसाला, ओला नारळ आणि तळलेले वडे. रोझे किंवा किंचित गोडसर व्हाइट. वड्यांच्या तेलकटपणावर वाइनचा आंबटपणा उपयोगी पडतो.

तंदुरी चिकन, टिक्का : दह्याचे आणि लिंबाचे आंबट, वर भट्टीची धग. सॉव्हिन्यॉ ब्लां किंवा रोझे.

सीख कबाब, मटण चॉप : इथे मात्र जुना नियम चालतो. चरबी आहे, मीठ आहे, भाजलेले आहे आणि रस्सा नाही. कॅबर्ने सॉव्हिन्यॉ किंवा शिराझ उघडायची असेल तर हीच वेळ.

खिमा-पाव : टोमॅटोचा आंबटपणा असतो. सांजोवेसेसारखी आंबटसर, फार जड नसलेली रेड घ्यावी. हे द्राक्ष इटलीचे आणि तिथल्या टोमॅटोच्या जेवणाला सरावलेले.

बिर्याणी : केशर, तूप, पुदिना, तळलेला कांदा. तिखट कमी असते, सुगंध जास्त. जड वाइन सुगंध झाकून टाकते. रोझे किंवा हलकी रेड पुरते.

जर्दाळू साली बोटी : पारशी घरांतील या मटणात आंबट-गोड चव असते. फळांची चव भरपूर असलेली, कमी तुरट रेड जुळते. झिनफँडेल करून पाहण्यासारखी.

तळलेले चिकन : स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा तेलाचा थर काढतात. पण वर तिखट मसाला भुरभुरला असेल तर हेच बुडबुडे जिभेला टोचतात.

सावजी : नागपूरच्या सावजी रश्शासोबत वाइनचा हट्ट न धरलेला बरा. एवढ्या तिखटापुढे कोणत्याही वाइनची चव शिल्लक राहत नाही. वाइन आधी भाजलेल्या पदार्थासोबत घ्यावी आणि रश्शाच्या वेळी पाणी, भाकरी, कांदा.

गोव्याच्या विंदालूत खरेच वाइन आहे का?

मांस आणि वाइन यांची एक जोडी आपल्या शेजारी चारशे वर्षांपासून नांदते आहे, तीही नावातच. ‘विंदालू’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्ने द व्हिन्या द’आल्योश’ या पदार्थाच्या नावावरून आला. वाइन किंवा वाइनच्या व्हिनेगरमध्ये लसणासह मुरवलेले मांस, असा त्याचा अर्थ. बटाट्याशी, म्हणजे ‘आलू’शी, त्याचा काही संबंध नाही.

गोव्यात द्राक्षाची वाइन सहज मिळत नव्हती. तिची जागा माडाच्या ताडीपासून तयार केलेल्या व्हिनेगरने घेतली. पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून आणलेली मिरची त्यात पडली आणि मूळ पदार्थ पार बदलला. व्हिनेगरमुळे आज विंदालू आणि सोर्पोतेल दोन्ही आंबट-तिखट असतात. त्यांच्यासोबत तितकीच आंबट, थंड आणि कमी तुरट वाइन हवी. सॉव्हिन्यॉ ब्लां किंवा रोझे चालते. डुकराच्या मांसाची चरबी त्यामुळे हलकी वाटते.

माशांसोबत रेड वाइन खरेच चालत नाही?

इथे जुन्या नियमाला शास्त्रीय आधार मिळाला आहे, पण कारण रंगाचे नाही. जपानमधील संशोधकांनी २००९ मध्ये ३८ रेड आणि २६ व्हाइट वाइन सुकवलेल्या शिंपल्यांसोबत चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त होते, त्यांच्यासोबत उग्र, हिवसाण चव मागे राहत होती. माशांतील तेलाचे घटक लोहामुळे वेगाने विघटित होतात आणि त्यातून हा वास तयार होतो. रेड वाइनमध्ये लोहाचे प्रमाण अनेकदा जास्त असते, म्हणून ती बदनाम झाली. लोह कमी असलेली रेड माशांसोबत बिघडत नाही. मात्र बाटलीवर लोहाचे प्रमाण लिहिलेले नसते. त्यामुळे सुरमई किंवा बांगड्यासोबत व्हाइट घेणे हा सुरक्षित मार्ग.

बाटली बरोबर, तरी चव बिघडते. असे का?

बहुतेक वेळा कारण तापमानाचे असते. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी, असे सांगितले जाते. ही खोली युरोपातील आहे. तिथे तो अर्थ साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस असा होतो. मुंबई किंवा नागपूरच्या ३०-३२ अंशांच्या खोलीत ठेवलेल्या वाइनमधून अल्कोहोलची वाफ जास्त उठते, नाकाला झोंबते आणि तिखटासोबत आणखी जळते.

उपाय सोपा आहे. रेड वाइनची बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत बर्फासोबत पाणीही घालून त्यात १० ते १५ मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर थंड करते, कारण ते बाटलीला सगळीकडून टेकते. बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंशांना चांगल्या लागतात. त्यांना फ्रिजमध्ये निदान तीन-चार तास किंवा बर्फाच्या पाण्यात अर्धा तास लागतो. रेड वाइन मात्र व्हाइटइतकी गार करू नये. फार थंड झाली की तुरटपणा वाढलेला जाणवतो.

नाशिकच्या शेतकऱ्याशी याचा काय संबंध?

देशातील बहुतांश वाइन महाराष्ट्रात तयार होते आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. त्यानंतर नाशिक, दिंडोरी, निफाडपासून पुणे, सोलापूरपर्यंत वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या काढणीचा हंगाम.

वाइनची द्राक्षे खायच्या द्राक्षांपेक्षा वेगळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉम्पसन किंवा सोनाकासारखी ती बाजारात टोपलीत मांडून विकता येत नाहीत. वायनरीने घेतली नाहीत तर त्यांना दुसरा ग्राहक जवळपास नसतो. २००८ नंतरच्या मंदीत याचा चटका बसला. अनेक वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि काहींनी लावलेल्या वेली उपटून टाकल्या.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मंजुरी दिली. शेतकऱ्यांना फायदा होईल, असे सरकारचे म्हणणे होते, तर यामुळे व्यसन घराघरात पोहोचेल, असा विरोधकांचा आणि सामाजिक कार्यकर्त्यांचा आक्षेप होता. निर्णय प्रत्यक्षात आला नाही. वाद प्रामुख्याने वाइन कुठे विकावी यावर झाला. ती कशासोबत प्यायली जाते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

दरम्यान स्पर्धा वाढते आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि ठरावीक किमतीवरील ऑस्ट्रेलियन वाइनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले. उद्या तीच शिराझ परदेशी लेबलसह जवळपासच्या किमतीत मिळाली, तर ग्राहकाने नाशिकची बाटली का उचलावी? त्याचे एक उत्तर इथल्या ताटात असू शकते. थोडी गोडसर शेनिन ब्लां, थंड रोझे, फार तुरट नसलेली शिराझ या आपल्या जेवणाशी जुळणाऱ्या वाइन इथे तयार होतच आहेत. पण मटण म्हटले की रेडच, अशा समजुतीने ग्राहक चुकीची बाटली उचलतो, निराश होतो आणि पुन्हा वाइनकडे वळत नाही. तुटलेल्या त्या एका ग्राहकाची किंमत शेवटी वेलीपर्यंत पोहोचते.

आरोग्य आणि कायदा काय सांगतो?

‘रेड वाइन हृदयाला चांगली असते’ हे वाक्य मटणाच्या पंगतीत हमखास ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात वाइनला सवलत नाही. जे पीत नाहीत, त्यांनी जेवणाशी जोडी जुळते म्हणून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही.

वाइन ‘हलकी’ असते, हाही अर्धवट समज आहे. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या अशा एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ३० मिली व्हिस्कीच्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे वाइनचा एक भरलेला ग्लास दीड पेगच्या बरोबरीचा. त्यानंतर गाडी चालवणे धोक्याचे आहे. गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि औषधोपचार सुरू असलेल्यांनी वाइनपासूनही दूर राहावे.

महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम १९४९ पासून अस्तित्वात आहे आणि त्यानुसार मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. वाइनही त्यात येते.

बाटली निवडताना एवढे लक्षात ठेवा

दुकानात उभे असताना वरचे सगळे आठवणे अवघड आहे. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात.

१. किती तिखट आहे? जितके जास्त तिखट, तितकी वाइन कमी तुरट, कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर आणि जास्त थंड. अल्कोहोलचे प्रमाण लेबलवर छापलेले असते.

२. किती आंबट आहे? कोकम, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर असेल तर आंबटसर वाइन.

३. रश्शाचे आहे की भाजलेले? भाजलेले, चरबीचे आणि कमी मसाल्याचे असेल तरच जड रेड.

आणि शंका असेल तर थंड रोझे. ती क्वचितच एखाद्या पदार्थाची सर्वोत्तम जोडीदार असते, पण आपल्या बहुतेक मांसाहारी ताटांत सगळ्यात कमी चुकते. कोणते मांस आहे, हा प्रश्न या यादीत नाही, हे लक्षात आलेच असेल. युरोपात तो पहिला असतो. आपल्याकडे पातेल्याचे झाकण उघडून मगच बाटली निवडलेली बरी.